किशोरवयीनांचा दीर्घकालीन थकवा : जोखीम-घटकांच्या यादीचा इतिहास

प्रास्ताविक

एखादा विद्यार्थी तापाच्या आजारातून उठतो. ताप जातो, रक्ताचे अहवाल निर्दोष येतात, परंतु थकवा जात नाही. झोपेने तो भरून निघत नाही. थोडे चालले किंवा तासभर वाचले की दुसऱ्या दिवशी अंथरूण सोडवत नाही. ही अवस्था महिनोन्महिने टिकली तर वैद्यकशास्त्राजवळ आज तिच्यासाठी नावे आहेत : क्रॉनिक फटीग सिंड्रोम, किंवा त्याहून जुने आणि उच्चारास कठीण असे मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस. नावे आहेत, मात्र निदान निश्चित करणारी प्रयोगशाळेतील चाचणी नाही. क्षयाचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो, मधुमेहात साखर मोजता येते. येथे तसे काही हाती लागत नाही, आणि म्हणूनच 'हा आजार कोणाला होतो?' या प्रश्नाच्या उत्तराला अन्य आजारांपेक्षा फार मोठे वजन प्राप्त होते. रुग्ण कोण आहे यावरून आजार खरा की खोटा हे ठरवण्याची सवय जडते.

'जोखीम-घटक' ही संज्ञा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. अमेरिकेतील फ्रामिंगहॅम या गावी १९४८ साली सुरू झालेल्या हृदयविकाराच्या दीर्घकालीन पाहणीकडे तिचे श्रेय सामान्यतः दिले जाते. परंतु आजारी पडणाऱ्यांची वैशिष्ट्ये नोंदवून त्यांतून कारण शोधण्याची रीत त्याहून पुष्कळ जुनी आहे. किशोरवयीनांच्या थकव्याच्या बाबतीत अशी यादी एकोणिसाव्या शतकापासून सातत्याने केली गेली. मुलगी असणे, अभ्यासू असणे, सुखवस्तू घरातील असणे, हळव्या मनाची असणे हे तिच्यातील नित्याचे घटक होत. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, ही यादी बराच काळ आजारी पडणाऱ्या मुलांची नव्हती. डॉक्टरांपर्यंत पोहोचणाऱ्या मुलांची ती होती, आणि त्यांच्याकडे पाहणाऱ्या प्रौढांच्या दृष्टीची होती. ती बदलली ती एखाद्या नव्या औषधामुळे नव्हे. मोजणी कोठून सुरू करावयाची, हे बदलल्यामुळे ती बदलली.

प्रस्तुत लेखक इतिहासाचा अध्यापक आहे, वैद्य नव्हे. येथे उपचारांविषयी सल्ला नाही. एका कल्पनेचा मागोवा आहे.

हरितरोग आणि अभ्यासाचा अतिभार

तरुण मुलींच्या फिकटपणाचे आणि थकव्याचे वर्णन योहानेस लांगे या जर्मन वैद्याने १५५४ साली एका पत्रात केले. पुढे या अवस्थेला 'क्लोरोसिस' हे नाव मिळाले. त्वचेवर हिरवट छटा येते अशी समजूत असल्याने तिला हरितरोग म्हणता येईल. एकोणिसाव्या शतकात युरोपात हे निदान सर्रास होई, आणि कारणांची यादी वाचनीय आहे : घट्ट कंबरपट्टे, प्रेमभंग, कादंबऱ्यांचे वाचन, बैठा दिनक्रम, बद्धकोष्ठ, अतिरिक्त अभ्यास. वास्तविक फ्रान्समधील पिएर ब्लो याने १८३२ सालीच लोहाच्या गोळ्यांनी या मुली बऱ्या होतात हे दाखवून दिले होते. स्कॉटलंडमधील राल्फ स्टॉकमन याने १८९५ साली या मुलींच्या आहारातील लोहाचे मापन करून ते किती अपुरे आहे हे मांडले. म्हणजे उत्तर ताटात होते आणि शोध स्वभावात चालला होता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकापर्यंत हरितरोग हे निदान जवळजवळ नाहीसे झाले. त्याबरोबर कादंबऱ्यांवरील आरोपही निकालात निघाला, असे मात्र म्हणता येत नाही.

बोस्टनमधील डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी १८७३ साली 'सेक्स इन एज्युकेशन' हे पुस्तक प्रसिद्ध केले. पौगंडावस्थेतील मुलींनी मुलांप्रमाणे अभ्यास केल्यास त्यांची शक्ती मेंदूकडे वळते आणि शरीर कायमचे खचते, असा त्यांचा दावा होता. त्यासाठी त्यांनी आपल्या दवाखान्यात आलेल्या मोजक्या मुलींच्या हकिकती दिल्या. दवाखान्यात न आलेल्या, शिकून धडधाकट राहिलेल्या मुली त्यांच्या हिशेबात नव्हत्या. मेरी पटनम जेकोबी यांनी याला दिलेले उत्तर पद्धतीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्यांनी स्त्रियांकडे प्रश्नावल्या पाठवून २६८ उत्तरे गोळा केली, आणि विश्रांतीची सक्ती अनावश्यक असल्याचे प्रतिपादन केले. हा निबंध हार्वर्डच्या बॉयलस्टन पारितोषिकासाठी निनावी सादर झाला होता, आणि १८७६ साली त्याला ते पारितोषिक मिळाले. दवाखान्याबाहेर जाऊन मोजण्याचा हा एक आरंभीचा प्रयत्न होय.

इंग्लंडमध्ये वादाचे स्वरूप निराळे होते. १८६२ च्या सुधारित संहितेनुसार प्राथमिक शाळांचे अनुदान विद्यार्थ्यांच्या परीक्षेतील यशावर अवलंबून असे. या व्यवस्थेत मुले पिळून निघतात, अशी ओरड वाढल्यावर डॉ. जेम्स क्रिचटन-ब्राऊन यांनी लंडनमधील शाळांना भेटी देऊन १८८४ साली अहवाल सादर केला. वर्गात मुलांना प्रश्न विचारून त्यांनी डोकेदुखीची मोजणी केली आणि ४६.१ टक्के मुलांना डोकेदुखी असल्याचे लिहिले. शाळा-निरीक्षक जोशुआ फिच यांनी त्यावर कठोर टिपण लिहून या पद्धतीची खिल्ली उडवली. वर्गात डॉक्टरने विचारल्यावर किती हात वर होतात, याला पुरावा मानायचे काय, हा त्यांचा प्रश्न अनुचित नव्हता. मात्र या वादंगात अहवालातील एक वाक्यसमूह हळूहळू पुढे आला. ज्या मुलांवर अभ्यासाचा भार असह्य होतो त्यांतील अनेक मुले अर्धपोटी असतात, हे क्रिचटन-ब्राऊन यांनी नोंदवले होते. अतिभाराचा वाद उपासमारीच्या वादाकडे वळला, आणि १९०६ साली शालेय भोजनाचा कायदा झाला. ज्या आकड्यावर सर्वांनी वाद घातला तो टिकला नाही. ज्या निरीक्षणाकडे आरंभी फारसे लक्ष गेले नाही त्यातून मुलांना जेवण मिळाले.

मुंबई इलाख्यातही या चर्चेचे पडसाद होते. १८९० च्या दशकात मुंबई विद्यापीठाच्या पदवीधरांतील अकाली मृत्यू हा चिंतेचा विषय झाला होता. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी त्याची जाहीर चर्चा केली, आणि परीक्षापद्धतीचा ताण हा त्या चर्चेतील एक मुख्य मुद्दा होता. बोस्टनमध्ये खचणारी व्यक्ती मुलगी होती, मुंबईत ती पदवीधर तरुण होती. शिक्षणाची दारे ज्याला नुकतीच उघडली त्याच्या प्रकृतीची काळजी समाज आधी करतो, असे या साम्यावरून म्हणावेसे वाटते.

याच सुमारास, १८९१ साली, ट्युरिन येथील शरीरशास्त्रज्ञ आंजेलो मोसो यांचा थकव्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. बोटाने वजन उचलावयास लावून स्नायूंची शक्ती आलेखावर उतरवणारे 'एर्गोग्राफ' हे यंत्र त्यांनी तयार केले होते. थकवा मोजता येईल ही आशा त्यातून निर्माण झाली आणि युरोपातील शाळांतून मुलांच्या थकव्याची मापने सुरू झाली. प्राध्यापक-वाचकांना एक तपशील रुचेल : बौद्धिक श्रमाने स्नायू थकतात हे दाखवण्यासाठी मोसो यांनी ज्यांचे आलेख दिले, त्यांत दिवसभर तोंडी परीक्षा घेऊन आलेले त्यांचे सहकारी होते, परीक्षा देणारे विद्यार्थी नव्हेत.

शाळकरी मुलगी : एका प्रतिमेचा प्रवास

विसाव्या शतकाच्या मध्यास चित्र बदलले. थकवा आता साथीच्या रूपाने नोंदला जाऊ लागला. आइसलँडमधील आकुरेरी या गावी १९४८-४९ च्या हिवाळ्यात आलेली साथ आरंभी पोलिओची समजली गेली. शेकडो लोकांना ताप, स्नायुदुखी आणि दीर्घ थकवा जडला. सर्वाधिक प्रमाण १५ ते १९ या वयोगटात, विशेषतः तेथील माध्यमिक शाळेच्या विद्यार्थ्यांत होते. किशोरवय हा या आजाराचा एक शिखरबिंदू आहे, ही पुढे वारंवार आढळलेली गोष्ट येथे स्पष्टपणे दिसते.

१९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील २९२ कर्मचारी अशाच आजाराने ग्रस्त झाले आणि रुग्णालय काही काळ बंद ठेवावे लागले. ही साथ किशोरवयीनांची नव्हती. तरीही आपल्या विषयाशी तिचा संबंध आहे तो पंधरा वर्षांनी झालेल्या तिच्या फेरवाचनामुळे. १९७० साली कॉलिन मॅकइव्हेडी आणि विल्यम बिअर्ड या मानसोपचारतज्ज्ञांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ही साथ सामूहिक उन्मादाची होती असा निष्कर्ष मांडला. त्यांनी जुनी रुग्णपत्रे वाचली. रुग्णांपैकी कोणाची तपासणी केली नाही. स्त्रियांचे मोठे प्रमाण हा त्यांच्या पुराव्यांपैकी एक होता.

मॅकइव्हेडी यांचा याआधीचा अभ्यास येथे लक्षात घ्यावा लागतो. ऑक्टोबर १९६५ मध्ये ब्लॅकबर्न येथील मुलींच्या एका शाळेत अनेक मुलींना चक्कर, धाप आणि मुंग्या येण्याचा त्रास सुरू झाला. ८५ मुलींना रुग्णालयात न्यावे लागले. मॅकइव्हेडी आणि पीटर मॉस यांनी १९६६ साली तिचे विश्लेषण भीतीपोटी जलद श्वासोच्छ्वास झाल्याची साथ असे केले. त्या घटनेपुरते ते विश्लेषण पटण्याजोगे आहे. काही दिवसांत मुली बऱ्या झाल्या, लक्षणे वर्गागणिक पसरली, आदल्या दिवशी एका समारंभात दीर्घकाळ उभे राहून काही मुली घेरी येऊन पडल्या होत्या. परंतु तीच चौकट महिनोन्महिने रुग्णशय्येवर राहिलेल्या परिचारिका व डॉक्टरांवर बसवली गेली, तेव्हा चूक झाली. 'घाबरलेली शाळकरी मुलगी' ही प्रतिमा रुग्णालयातील प्रौढ स्त्रियांवर लादली गेली, आणि तेथून ती खऱ्या शाळकरी रुग्णांकडे अधिक अधिकृत होऊन परतली. पुढील काही दशके थकलेल्या मुलीच्या आधी तिच्याविषयीचा संशय तपासणीच्या खोलीत शिरत असे.

लिंडनव्हिल

न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात लिंडनव्हिल हे छोटे शेतीप्रधान गाव आहे. १९८५ च्या शरद ऋतूपासून येथील बालरोगतज्ज्ञ डेव्हिड बेल यांच्याकडे फ्लूसारख्या आजारातून न सावरणारी मुले येऊ लागली. घसा दुखणे, गाठी सुजणे, डोकेदुखी, पोटदुखी आणि न हटणारा थकवा अशी लक्षणे मुलांबरोबर प्रौढांतही दिसत होती. त्याच सुमारास नेवाडातील इनक्लाइन व्हिलेज येथेही अशी साथ नोंदली गेली होती. तेथून वर्तमानपत्रांत 'यप्पी फ्लू' हे हेटाळणीचे नाव पसरले. महत्त्वाकांक्षी, सुस्थितीतील तरुण व्यावसायिकांचा हा आजार, असा त्याचा भाव होता. लिंडनव्हिलच्या शेतकरी कुटुंबांतील मुलांना ते नाव कोणत्या अर्थाने लागू पडणार होते, कोण जाणे.

या गावातील मुलांच्या आजाराचे जोखीम-घटक शोधणारा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. आजारी मुलांची निरोगी मुलांशी तुलना करणाऱ्या या अभ्यासात जे घटक पुढे आले ते पाहण्यासारखे आहेत : घरातील अन्य व्यक्तींना तशीच लक्षणे असणे, न तापवलेले दूध पिणे, आणि अ‍ॅलर्जी वा दम्याचा पूर्वेतिहास. यादीचे स्वरूपच पालटले होते. स्वभावाच्या जागी दूध, घर आणि देह आले. अभ्यास छोटा होता आणि त्यातून कारण सिद्ध झाले नाही, हे खरे. परंतु प्रश्न बदलला की उत्तरांचा प्रदेशही बदलतो, याचे हे उदाहरण आहे.

बेल यांनी या मुलांचा पाठपुरावा सोडला नाही. सुमारे तेरा वर्षांनंतरची त्यांची पाहणी २००१ साली 'पेडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात आली. पस्तीस जणांपैकी तेरा जणांनी आपण पूर्ण बरे झालो असे सांगितले. चार जण दीर्घकाळ आजारी होते, तिघांची प्रकृती पूर्वीपेक्षा खालावली होती. उरलेले पंधरा जण, म्हणजे सर्वांत मोठा गट, 'ठीक आहोत, पण आजार गेलेला नाही' या स्थितीत होते. आयुष्य आजाराच्या मापाचे करून घेतलेली ही माणसे होती. शाळेत पुष्कळ काळ अनुपस्थित राहिलेल्यांचे पुढील आयुष्य अधिक अवघड गेले, हेही त्या पाहणीतून दिसते.

हजेरीपट पुरावा म्हणून

ब्रिटनमध्ये १९९७ साली एलिझाबेथ डाउसेट आणि जेन कोल्बी यांनी एक वेगळे साधन वापरले : शाळेचा हजेरीपट. १,०९८ शाळांतील सुमारे ३ लाख ३३ हजार विद्यार्थ्यांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या. वैद्यकीय दाखल्याने प्रमाणित झालेल्या दीर्घ अनुपस्थितीपैकी ४२ टक्के अनुपस्थिती या एका आजारामुळे होती, असा त्यांचा निष्कर्ष होता. शाळांनी कळवलेल्या निदानावर किती विसंबावे, हा आक्षेप त्यावर घेतला गेला, आणि तो रास्त आहे. तरीही ज्या आजाराच्या अस्तित्वाविषयी वाद चालू होता, तो हजेरीपटावर इतका ठळक असावा, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नव्हती.

त्याच काळात मुलाचा आजार पालकांनीच निर्माण केला किंवा जोपासला, असा संशय घेऊन बालसंरक्षणाच्या चौकश्या झाल्याची उदाहरणे ब्रिटनमध्ये घडली. 'अतिकाळजी घेणारी आई' हा घटक यादीत शिरला होता. इंग्लंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या कार्यगटाने २००२ साली आपल्या अहवालात हा आजार खरा असल्याचे मान्य केले, आणि मुलाची लक्षणे अनाकलनीय असणे हाच छळाचा पुरावा मानू नये, असेही बजावले. यादीतील एक शब्द घरापर्यंत सरकारी अधिकारी आणू शकतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

उपचारांवरही यादीचा परिणाम झाला. रुग्णाला श्रमाची भीती वाटते आणि त्या भीतीने थकवा टिकतो, असे मानले तर व्यायाम वाढवत नेणे हा तर्कसंगत उपाय ठरतो. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २००७ च्या मार्गदर्शिकेत क्रमाक्रमाने वाढवलेल्या व्यायामाची शिफारस केली होती. २०२१ च्या मार्गदर्शिकेत ती काढून घेण्यात आली. मधल्या काळात, २०१५ साली, अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालाने श्रमानंतर प्रकृती बिघडणे हेच आजाराचे प्रमुख लक्षण ठरवले होते.

मोजणी कोठून सुरू करावी

येथवरच्या बहुतेक याद्या आजारी व्यक्तीपासून मागे जात होत्या. याउलट जन्मापासून पुढे जाणारे दोन अभ्यास ब्रिटनमध्ये झाले. रसेल व्हायनर आणि मॅथ्यू होटोफ यांनी १९७० साली जन्मलेल्या मुलांच्या राष्ट्रीय गटाची तिशीपर्यंतची माहिती तपासून २००४ साली निष्कर्ष मांडले. स्त्री असणे, बालपणी दीर्घ आजार असणे आणि उच्च सामाजिक वर्गात वाढणे यांनी जोखीम वाढलेली दिसली. बालपणी व्यायाम अधिक असल्यास ती कमी दिसली. बालपणीच्या किंवा आईच्या मानसिक त्रासाशी संबंध आढळला नाही. चारच वर्षांनी, २००८ साली, सॅम्युएल हार्वे आणि सहकाऱ्यांनी १९४६ साली जन्मलेल्या गटाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात व्यायामाबाबत उलटे उत्तर आले : बालपणी व तारुण्यात अधिक हालचाल करणाऱ्यांतच नंतर हे निदान अधिक आढळले. एका देशातील, चोवीस वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या दोन पिढ्यांनी परस्परविरुद्ध साक्ष द्यावी, हे बोलके आहे. दोन्ही अभ्यासांत आजार ओळखला गेला तो व्यक्तीने स्वतः 'मला हा आजार झाला होता' असे सांगितल्यावरून. ते सांगण्यासाठी आधी कोणी डॉक्टरने तसे म्हटलेले असावे लागते, आणि तो डॉक्टर गाठणे सर्व वर्गांना सारखे शक्य नसते. उच्च वर्ग हा घटक मला या कारणाने संशयास्पद वाटतो.

या संशयाला शिकागो येथील पाहण्यांतून आधार मिळतो. लिओनार्ड जेसन आणि सहकाऱ्यांनी दवाखान्यात न बसता शहरातील १८,६७५ प्रौढांना दूरध्वनीवरून प्रश्न विचारले आणि संभाव्य रुग्णांची तपासणी केली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात प्रमाण ०.४२ टक्के आले, आणि ते अल्पसंख्य समाजांत व कमी शिक्षण असलेल्यांत अधिक होते. 'यप्पी फ्लू' या नावाचा पाया येथे ढासळला. याच पद्धतीने ५ ते १७ वर्षे वयाच्या १०,११९ मुलांची पाहणी २०२० साली प्रसिद्ध झाली. प्रमाण ०.७५ टक्के होते; आफ्रिकन-अमेरिकन व लॅटिन वंशाच्या मुलांत ते अधिक होते. या पाहणीत आजारी ठरलेल्या मुलांपैकी पाच टक्क्यांहून कमी मुलांना आधी कोणी हे निदान दिले होते. उरलेली पंच्याण्णव टक्के मुले कोणत्याही रुग्णालयाच्या यादीत नव्हती, म्हणजे त्या यादीवरून काढलेल्या जोखीम-घटकांतही नव्हती.

दुसरा मार्ग संसर्गापासून मोजणी सुरू करण्याचा. ऑस्ट्रेलियातील डबो या गावी ग्रंथिज्वर, क्यू-ज्वर आणि रॉस रिव्हर विषाणूचा ज्वर झालेल्या २५३ रुग्णांना आजाराच्या आरंभापासून पाहिले गेले. २००६ सालच्या या अभ्यासात सहा महिन्यांनी सुमारे १२ टक्के रुग्ण थकव्याने ग्रस्त होते. कोण थकलेला राहील हे मुख्यतः मूळ ताप किती तीव्र होता यावरून सांगता येत होते. वय, लिंग वा मनोवृत्ती यांवरून नव्हे. शिकागो परिसरातील ग्रंथिज्वर झालेल्या ३०१ किशोरवयीनांच्या २००९ सालच्या अभ्यासात सहा महिन्यांनी १३, बारा महिन्यांनी ७ आणि चोवीस महिन्यांनी ४ टक्के आजारी राहिले. चोवीस महिन्यांनी आजारी असलेल्या सर्व मुली होत्या. मुलगी असणे हा घटक याप्रमाणे टिकून आहे. फरक इतकाच की १९७० साली तो आजार खोटा असल्याचा पुरावा होता, आज तो देहातील काही फरकाचा संकेत मानून तपासला जातो.

तरीही एक अडचण उरत होती. आजारी पडल्यानंतर नोंदवलेली चिंता वा उदासी हे कारण की परिणाम, हे सांगता येत नाही. ही अडचण दूर करणारा अभ्यास महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाला म्हणून आपल्याला अधिक जवळचा. जेसन व सहकाऱ्यांनी ४,५०१ विद्यार्थी निरोगी असतानाच त्यांच्या प्रश्नावल्या व रक्ताचे नमुने घेऊन ठेवले. पुढे २३८ जणांना ग्रंथिज्वर झाला, आणि सहा महिन्यांनी त्यांतील ५५ जण, म्हणजे २३ टक्के, दीर्घकालीन थकव्याच्या निकषांत बसले. आधीच्या नमुन्यांकडे वळून पाहता ताण, चिंता, उदासी किंवा संकटाला तोंड देण्याची रीत यांत हे विद्यार्थी इतरांहून वेगळे नव्हते. त्यांची शारीरिक लक्षणे आणि रक्तातील काही प्रतिकारद्रव्यांच्या पातळ्या मात्र आधीपासून वेगळ्या होत्या. क्लार्क यांच्या पुस्तकापासून या अभ्यासापर्यंत सुमारे दीडशे वर्षे गेली.

कोविडच्या साथीनंतर हा प्रश्न व्यापक झाला. इंग्लंडमधील ११ ते १७ वयाच्या मुलांच्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या 'क्लॉक' अभ्यासात चाचणीनंतर तीन महिन्यांनी किमान एक लक्षण असणाऱ्यांचे प्रमाण संसर्ग झालेल्यांत ६६.५ टक्के, तर संसर्ग न झालेल्यांत ५३.३ टक्के होते. केवळ पहिला आकडा छापला तर घबराट होईल, दोन्हींतील अंतर लहान म्हणून सोडून दिले तर त्या अंतरातील मुले हरवतील. क्रिचटन-ब्राऊन यांच्यापाशी दुसरा आकडा नव्हता.

आपल्याकडील थकवा

भारतात किशोरवयीन मुलगी थकली की पहिला शब्द 'रक्त कमी' हा येतो, आणि त्याला सबळ आधार आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. हरितरोगाचा इतिहास पाहता लोहाची तपासणी आधी व्हावी, यात वाद नाही. मात्र गोव्यात झालेला एक अभ्यास येथे थांबून वाचावा लागतो. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी १८ ते ५० वयाच्या २,४९४ स्त्रियांची पाहणी करून २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. १२.१ टक्के स्त्रियांनी दीर्घकालीन थकव्याची तक्रार केली. हिमोग्लोबिनशी तिचा संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो कमी शिक्षण, घरावरील कर्ज, मागील तीन महिन्यांतील उपासमार, पतीकडून होणारी हिंसा, कुटुंबाचा अपुरा आधार आणि मानसिक अस्वास्थ्य यांच्याशी. ही पाहणी मुख्यतः प्रौढ स्त्रियांची होती, आणि थकव्याचे लक्षण व वर वर्णिलेला आजार या दोन गोष्टी एक नव्हेत. म्हणून तिचे निष्कर्ष किशोरवयीन मुलींना सरसकट लावता येणार नाहीत. पण आपल्याकडे यादीत काय काय असू शकते, हे ती दाखवते. आणि लोहाची गोळी दिली की चौकशी संपली, ही समजूत तिने अवघड केली आहे.

येथे एक वैयक्तिक नोंद करतो. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात द्वितीय वर्षाचा वर्गशिक्षक असताना काविळीनंतर परतलेली एक विद्यार्थिनी आठवड्यातून दोन दिवस येई आणि दोन तासांनंतर बाकावर डोके टेकून बसे. तिच्या प्रगतिपत्रकात मी 'अनियमित. अभ्यासात रस नाही' असे लिहिले. ७५ टक्के उपस्थितीचा नियम होता आणि तिच्याजवळ दाखला होता तो केवळ काविळीच्या तीन आठवड्यांचा. तिसऱ्या वर्षाला तिने प्रवेश घेतला नाही. तिला कोणता आजार होता हे सांगण्याचा मला अधिकार नाही. मी लिहिलेले शब्द मात्र फिच यांच्या टिपणाइतकेही तपासून लिहिलेले नव्हते.

उपस्थितीतून सवलत मागण्याचा आमच्या विभागातील अर्ज आजही तसाच आहे. त्यात आजार सुरू झाल्याचा दिनांक आणि संपल्याचा दिनांक असे दोन रकाने आहेत, आणि दुसरा रिकामा असल्यास अर्ज अपूर्ण समजला जातो.